करपल्या भाकरीची ओळ

१

पुंजाजीचं गाणं मी रोहिणखेडच्या शिवारात ऐकलं, तेव्हा पुंजाजी नाहीसा होऊन तीन उन्हाळे उलटले होते, आणि गाणारा भलताच कोणी होता.

मी तिथं काही सरकारी कामानं गेलो नव्हतो. रोहिणखेड ही माझी सासुरवाडी. मेहुण्याच्या पोरीचं बारसं होतं, म्हणून बायकोला, म्हणजे सिंधूला घेऊन गेलो होतो. माणूस पोलिसात जमादार झाला तरी सकाळी लोटा घेऊन रानात जावंच लागतं, तसा गेलो होतो. एका शेतात मोट चालू होती. कुरकूर ऐकू येत होती आणि तिच्यावर एक जाडाभरडा आवाज गात होता. मी लक्षही दिलं नसतं. पण ती ओळ आली आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

'घरच्या भाकरीले करपल्याचा वास.'

आता इंजिनं आली, नव्या पोरांनी मोट पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी बादली. तिच्या जाड दोराला बैल जुंपायचे. विहिरीच्या काठापासून खाली जाणारा मातीचा उतार असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर येते आणि दगडी थारोळ्यात रिकामी होते. मग बैल पाठमोरे वर येतात. एका खेपेला गाण्याची एक ओळ. बैलांना चाबकापेक्षा त्या गाण्याची सवय जास्त. दुसरा माणूस दुसरंच काही गायला लागला, तर सवयीचे बैल मख्खपणे उभे राहतात.

गाणं कोणाचंही असो, त्यातल्या निम्म्या ओळी साऱ्या वऱ्हाडात सारख्याच. 'चाल माह्या राजा' आणि 'पाणी आलं वर', हे सगळेच म्हणतात. पण स्वतःच्या बायकोची भाकर करपते, हे बैलांना सांगणारा माणूस मला एकच ठाऊक होता, आणि त्यालाही मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

२

माझी नेमणूक तेव्हा जानेफळला होती. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. दर बाजाराच्या दिवशी चौकीसमोरच्या लिंबाखाली एक बाई येऊन बसायची. बनाबाई. तिचा नवरा पुंजाजी हा अर्जुनराव पाटलांचा सालदार, मोटेवरचा माणूस. एका उन्हाळ्यात तो पाटलांची बैलजोडी घेऊन पळाला, असं सारं गाव सांगत होतं. माझ्या आधीच्या माणसानं तसंच लिहून प्रकरण मिटवलं होतं.

बनाबाई कधी ओरडली नाही, कधी पाया पडली नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला एवढंच सांगितलं, "जमादारसाहेब, माहा माणूस चोर नाई. मेला असन तं सांगा, मी कुकू पुसतो. पण चोर म्हणू नका. लेकीले कोणी पाहायले येत नाई."

ती जनकाबाई, तिची एकुलती लेक, लग्नाची झाली होती. चोराची पोर म्हणून तिला स्थळ येत नव्हतं. आणि बनाबाई रोज कुंकू लावायची म्हणून गावातल्या बायका तोंड वेंगाडायच्या. नवरा दुसरी घेऊन कुठं मजा करून राह्यला, अन् ही इथी टिकली लावते, असं तिच्या तोंडावर म्हणायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

लिंबाखाली बसली की ती मान हलवत पुंजाजीचं गाणं पुटपुटायची. मी ऐकून ऐकून वैतागलो होतो. एकदा विचारलं, ही करपलेल्या भाकरीची काय ओळ आहे? तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. रोज एक भाकर करपायचीच, तो चिडवायचा, म्हणाली. त्याची ओळ होती 'बनाच्या भाकरीले करपल्याचा वास'. बायकोचं नाव असं उघड्या रानात घ्यायची तेव्हा रीत नव्हती. पुंजाजी घ्यायचा. लोकांनी त्याला बायल्या ठरवला होता, तरी घ्यायचा.

म्हणून रोहिणखेडच्या त्या शेतात मी लोटा बांधावर ठेवला आणि मोटेकडे गेलो.

मोटेवर इंद्रभान नावाचा शेतकरी होता. जमादार म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे गाणं तुला कोणी शिकवलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, बापानं. आणि बापाला?

"साहेब, हे गाणं बैलायसंगं आलं," इंद्रभान म्हणाला. "एक माणूस जोडी घेऊन इथी विहिरीवरच आला होता. बापानं जुंपून पाह्यली तं बैल हालतच नव्हते. मंग त्या माणसानं गाणं म्हणलं अन् बैल सरसर उतरले. बापानं त्याच्यापाशी बसून गाणं शिकून घेतलं, तवा जोडी ठेवली."

मी विचारलं, तो माणूस दिसायला कसा होता? इंद्रभान तेव्हा बायकोला माहेराहून आणायला गेला होता. माणूस फक्त त्याच्या बापानं पाहिला होता, आणि बाप मागच्या थंडीत वारला होता. सौदा बाजारात झालेला नव्हता, म्हणून पावतीचाही पत्ता नव्हता.

बैलांची शिंगं तासलेली होती, पण एकाचा डावा कान फाटका होता. अर्जुनरावांच्या सोन्या बैलाचा कान तसाच असल्याचं बनाबाईनं मला कैक वेळा सांगितलं होतं.

म्हणजे जोडी सापडली. आता विकणारा कोण? पुंजाजी स्वतःच असेल, तर बनाबाईचा नवरा खरंच चोर निघाला. हे तिला जाऊन कसं सांगायचं, याच विचारात मी सासऱ्याच्या घरी परतलो. बारशाचं जेवण गोड लागलं नाही. इंद्रभानचं सगळं गाणं मात्र मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं, आणि त्यात पुंजाजीची नसलेली एक ओळ होती. ती ओळ काट्यासारखी डोक्यात रुतून बसली.

३

जानेफळला आल्यावर मी कोणालाही काही सांगितलं नाही. बैलांचं नाव काढलं असतं तर साऱ्यांची तोंडं शिवली गेली असती. मी फक्त एकेकाकडे जाऊन बसलो आणि पुंजाजीच्या गाण्याचा विषय काढला. माझा विचार साधा होता. पुंजाजीनं स्वतः बैल विकले असते, तर इंद्रभानच्या बापाकडे गाणं जसंच्या तसं गेलं असतं. ज्याचं गाणं त्याला ते चुकत नाही. पण इंद्रभानच्या गाण्यात 'बनाच्या' ऐवजी 'घरच्या' होतं. पुंजाजीनं ते नाव कधी सोडलं नव्हतं, रोहिणखेडला जाऊन सोडायचं काय कारण? बापानंच ते बदललं का, हेही मी विचारून घेतलं होतं. विकणाऱ्यानं म्हटलं तसंच बापानं घोटलं, कारण जरा चुकलं की बैल थांबत, असं इंद्रभाननं शपथेवर सांगितलं. म्हणजे गाणं दुसऱ्याच कोणाच्या तोंडातून गेलं होतं. हे गाणं येण्याइतकी जवळची माणसं तीन.

पहिले अर्जुनराव. मोठा शेतकरी, मनानं वाईट नाही, पण आपलंच रडगाणं गाणारा. गाण्याचं विचारल्यावर सुरुवातीच्या ओळी म्हणाले, करपलेल्या भाकरीची ओळ 'बनाच्या' अशीच म्हणून खदखदून हसले, आणि पुढं त्यांना काही आठवेना. मग त्यांनी त्या दिवसांचं गाऱ्हाणं सुरू केलं. घरचं लग्न होतं मेहकरला. सारं घर गेलं, कामाला बनाबाईलाही नेलं. मळ्यात पुंजाजी एकटा. वांग्याला पाणी दे आणि विहिरीच्या धावेवर नवी माती टाक, एवढं सांगून गेले. आठवड्यानं परत आले तर माणूस नाही, बैल नाही, वांग्याचा पार पाचोळा झालेला. "माही वांगी मेली. नशीब, शंकररावची मिरची तं वाचली," असं म्हणून त्यांनी उसासा सोडला.

दुसरा सहदेव, पुंजाजीचा धाकटा भाऊ. मजुरी करणारा, घुम्या माणूस. भावाचं नाव काढलं की जमिनीकडे पाहायचा. वहिनीला त्यानं कधी आधार दिला नव्हता. त्याला गाणं लांबलचक येत होतं. त्यांच्या बापाचं गाणं होतं ते. त्यानं ते भराभर म्हटलं, आणि मला जायची घाई लावली.

तिसरे शंकरराव. विहीर सामायिक, निम्मा हिस्सा यांचा. स्वतःचा बैल मेल्यापासून यांच्या पाळीलाही पुंजाजीच अर्जुनरावांची जोडी चालवायचा, बदल्यात शंकरराव चारा द्यायचे. गोड बोलणारा, देवाधर्माचा माणूस. पुंजाजी पळाला हे सांगणारा साक्षीदारही हाच. त्यांनी मला चहा दिला आणि तीच हकिगत पुन्हा ऐकवली. अर्जुनराव लग्नाले गेले त्याच दिवशी दुपारून पुंजाजीनं धावेवर माती टाकली, पाणी मारून चोपली, आणि सांजच्याला बैल घेऊन गेला. चारायला नेत असेल म्हणून आपण काही विचारलं नाही, असं ते म्हणाले.

गाणं मात्र येत नाही म्हणाले. गळाच नाही आपला. मी आग्रह केला, तेव्हा त्यांनी हवेत दोर धरल्यासारखा हात करून खेपेगणिक एक ओळ म्हटली. मध्ये एका ठिकाणी थांबले. तोंड बंद, पण हात एक खेप हालला. मग पुढची ओळ म्हणाले. मी विचारलं, इथं काही विसरले का? ते म्हणाले, नाही, इथं काहीच नाही.

४

आता माझ्या डोक्यात बनाबाईचं मूळ गाणं, इंद्रभानचं गाणं आणि या तिघांची तीन, असा सगळा गोपाळकाला झाला. कोणाचं गाणं रोहिणखेडला गेलं? मी घरी घोंगडी अंथरली आणि सिंधूच्या डब्यांतून धान्य काढलं. प्रत्येक वेगळ्या ओळीला वेगळा दाणा. जी ओळ सगळेच म्हणतात तिला ज्वारी. मग तूर, मूग, हरभरा, सरकी. करपलेल्या भाकरीच्या ओळीला लाल गुंज. इंद्रभानच्या गाण्याची एक रांग वर मांडली, आणि तिच्याखाली एकेकाची रांग मांडत गेलो.

दाण्याला दाणा जुळवत बसलो. वरचा पहिला, खालचा पहिला. वरचा पहिला, खालचा दुसरा. अशानं डोळे फुटायची पाळी आली. शेवटी जुळलेले दाणे नुसते मोजले, तर सर्वांत जास्त सहदेवचे निघाले. सख्ख्या भावानंच घात केला होता तर. त्याचं ते जमिनीकडे पाहणं आणि मला हाकलायची घाई आठवली. मी पट्टा कमरेला बांधला आणि टोपी घातली.

सिंधू सुपात डाळ पाखडत बसली होती. तिनं घोंगडीवर नजर टाकली आणि तोंडाला पदर लावला.

"जवारीच्या मागं काऊन लागले तुम्ही?" ती म्हणाली. "जवारी तं सगळ्यायच्याच घरी असते. गुंज कोणाच्या घरी हाये ते पाहा."

मी रागावून काहीतरी बोललो. पण टोपी काढली आणि पुन्हा खाली बसलो.

खरंच, सहदेवच्या रांगेत जुळलेले दाणे पुष्कळ होते, पण ते कसे? इथं दोन ज्वारी, तिथं एक तूर, मग मोठी फट, मग परत ज्वारी. एका बापाची दोन पोरं, तोंडवळ्यात एवढं साम्य राहणारच. आणि त्याच्या रांगेत गुंज नव्हतीच. ती ओळ पुंजाजीनं लग्नानंतर जोडली होती, आणि दीर थोरल्या भावजयीच्या नावाची ओळ कशाला गाईल? तुकड्यांची बेरीज करून उपयोग नव्हता. एकाच तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेलं गाणं सलग जातं. तुकडा लांब पाहिजे. मध्ये एखादी ओळ गळाली, एखादा शब्द बदलला, तरी चालेल. माणूस आहे, चुकणारच. पण दोन्हीकडे चूक सारखी पाहिजे.

मग काम सोपं झालं. मी गुंजेवर गुंज ठेवली आणि तिथून निघालो. आधी डावीकडे, जुळतंय तोवर. मग उजवीकडे. एखादा दाणा चुकला तर माफ. लागोपाठ चुकायला लागले की तिथं थांबायचं, पुढचं पाहायचंच नाही. अर्जुनरावांची रांग गुंजेपाशीच संपली, आणि त्यांची गुंज 'बनाच्या' होती.

शंकररावांची रांग मात्र चालत राहिली.

पुंजाजी आधी म्हणायचा 'बोरीच्या सावलीत सोन्या झाला आळशी' आणि मग 'तुरीच्या शेंगीत दाणा भरला का'. शंकररावांनी तूर आधी आणि बोर मागून घेतली होती. इंद्रभानच्या गाण्यातही तूर आधी आणि बोर मागून. मग गुंज, दोघांचीही 'घरच्या'. साहजिक होतं, परक्याच्या बायकोचं नाव शंकररावांसारख्या धार्मिक माणसाच्या तोंडात बसलं नसतं. मग पुढं 'गावाच्या माथ्यावर घार घिरट्या घाले' आणि तिच्यापुढच्याही ओळी दोघांकडे एका रांगेत. एवढा लांब पट्टा दुसऱ्या कोणाचा जुळत नव्हता, निम्म्यानंसुद्धा नाही.

फक्त एका जागी वरती दाणा होता आणि खाली रिकामं होतं. गुंजेच्या आणि घारीच्या मधोमध. पुंजाजी तिथं लेकीची ओळ म्हणायचा, 'लेकीच्या पायी चाळ रुणझुण वाजे'. इंद्रभानच्या गाण्यात लेक गेली होती आणि तिच्या जागी ती दुसरीच ओळ आली होती, जी बनाबाईनं कधी म्हटली नव्हती. आणि शंकरराव बरोबर त्याच जागी गप्प बसले होते, हात मात्र हालला होता.

त्या ओळीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि मी ताडकन उठलो. सिंधूनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बाई, मला कुदळी-फावडी लागतील.

५

दुसऱ्या आठवड्यात माझ्या निरोपावरून इंद्रभान बैल घेऊन आला. मी साऱ्यांना सकाळीच विहिरीवर बोलावलं. अर्जुनराव होते, सहदेव होता, शंकरराव होते, आणि लिंबाखाली बसते तशी बनाबाई धावेच्या काठाला येऊन बसली. मोट निघून गेली होती, अर्जुनरावांनी इंजिन बसवलं होतं. धाव तशीच पडून होती, तिच्यावर गवत उगवलं होतं.

बनाबाईनं 'सोन्या' अशी हाक मारली. फाटक्या कानाचा बैल मान वळवून तिच्याकडे चालत गेला आणि तिचा पदर चाटायला लागला. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि नवरा कुठं आहे असं कोणाला विचारलं नाही. आम्हा सगळ्यांनाच खाली पाहावं लागलं.

अर्जुनराव संतापले. म्हणजे पुंजाजीनं विकलेच, असं म्हणाले. मी त्यांना थांबवलं आणि इंद्रभानला गाणं म्हणायला सांगितलं. त्यानं म्हटलं. तूर आली, बोर आली, घरची भाकर आली. आणि मग तो म्हणाला :

'धाव झाली नवी, राजा, पाय जपून टाक.'

बनाबाईनं मान वर केली. ही ओळ त्याची नाही, ती म्हणाली. इथं लेकीची ओळ होती.

मी अर्जुनरावांना विचारलं, धावेवर नवी माती टाकल्यावर बैल कधी चढवतात? ते म्हणाले, हे काय विचारणं झालं? पाणी मारून चोपायची, दोन-तीन दिवस वाळू द्यायची, मग जुंपायचं. ओल्या मातीवर बैल घातला तर पाय मोडेल त्याचा.

"मग शंकरराव, तुम्हीच सांगितलं," मी म्हणालो, "की माती दुपारून टाकली अन् सांजच्याला बैल गेले. म्हणजे नव्या धावेवर या बैलांनी पाऊलच टाकलं नाही. तर मग ही ओळ कोणी, कधी म्हटली?"

मी दुसरं विचारलं. पळून जाणारा माणूस मालकाची धाव लिंपून, चोपून, मग पळतो का? मग मी अर्जुनरावांकडे वळलो आणि म्हणालो, तुमची वांगी जळाली आणि याच विहिरीवरची यांची मिरची वाचली. बैल पहिल्याच दिवशी गेले होते, तर मिरचीला पाणी कोणी पाजलं?

अर्जुनरावांचं तोंड उघडं राहिलं. तीन वर्षं हीच गोष्ट ते दहा जणांना सांगत होते, आणि तिचा अर्थ त्यांना एकदाही लागला नव्हता. मलाही दाणे मांडेपर्यंत लागला नव्हता, उगीच कशाला शहाणपणा सांगू.

शंकरराव म्हणाले, हे गाणं साऱ्या गावाला येतं. मी त्यांना तूर आणि बोर सांगितली. घरची भाकर सांगितली. गावात कोणालाही विचारा, ही उलटापालट तुमच्या आणि रोहिणखेडच्या तोंडाखेरीज कुठंच नाही. आणि मला गाणं म्हणून दाखवताना सगळं म्हटलं, नेमकी धावेची ओळ गिळली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! गिळली नसती तर मी कदाचित म्हटलं असतं, कुठूनतरी ऐकली असेल.

ते तिथंच खाली बसले. आवाज अगदी रोजचा होता.

"मिरच्या सुकून राह्यल्या होत्या माह्या," शंकरराव म्हणाले. "विहिरीत पाणी थोडं. तो म्हणे, मालकानं वांग्याले सांगतलं, तुमची पाळी नाई. मी दोर ओढला, त्यानं ओढला. मी ढकललं त्याले. थारोळ्याच्या दगडावर डोकं आपटलं. मारायचं नव्हतं मले."

धावेसाठी आणलेल्या मातीचा ढीग तयारच होता. त्यांनी धाव उकरली, पुंजाजीला खाली ठेवला आणि वरून नवी माती चोपली. तेवढ्यावर थांबले असते तर तिथल्या तिथं बैल हाकलून चोरीचा बोभाटा करता आला असता. पण मिरच्या सुकत होत्या. पाटलांचं सारं घर लग्नाला, मळ्यात विचारणारं कोणी नाही. माती जरा वाळल्यावर त्यांनी बैल जुंपले, आणि बैल काही हालेनात. पुंजाजीचं गाणं म्हटल्याशिवाय ते पाऊल उचलेनात. म्हणून त्यांनी मेलेल्याचं गाणं त्याच्याच अंगावरून बैल चालवत म्हटलं. ओल्या जागेवर सोन्या घसरायला लागला, तेव्हा लेकीच्या ओळीच्या जागी ती सावधगिरीची ओळ आपोआप तोंडात आली. बैलांना ती पाठ झाली. पुढं रोहिणखेडला विकताना ती गाळली असती तर बैल तिथं अडले असते.

मी कुदळ सहदेवच्या हातात दिली नाही. त्यानंच ती मागून घेतली. खणताना तो ओक्साबोक्शी रडला. भाऊ चोर आहे, हे लोकांचं त्यानं खरं मानलं होतं, म्हणून तो जमिनीकडे पाहायचा, म्हणून वहिनीच्या दारात जात नव्हता. संशय घेऊन मीही त्याला बेड्या घालायला निघालो होतो. त्याच्याकडे पाहवेना मला.

धावेच्या मधोमध, जिथून बैल रोज उतरायचे त्या जागी, पुंजाजी सापडला. करगोट्यातली तांब्याची चावी बनाबाईनं ओळखली.

६

बनाबाई रडली नाही. विहिरीच्या पाण्यानं तिनं कपाळ धुतलं, पदरानं पुसलं आणि जनकाबाईला जवळ घेतलं. गावातल्या बाया हळूहळू जमल्या. ज्यांनी तिच्या टिकलीवरून तोंड वेंगाडलं होतं त्याही आल्या, आणि एकीचीही जीभ उचलली नाही.

अर्जुनराव माझ्यापाशी येऊन म्हणाले, बैल मला नको. या धावेवर चाललेले बैल माझ्या गोठ्यात नको. इंद्रभान बिचारा दोर हातात धरून उभाच होता, त्याची काही चूक नसताना चोरासारखा. मी म्हणालो, घेऊन जा. कोर्टाचं काय व्हायचं ते होईल, तोवर तुझ्याकडे राहू दे.

बैल निघाले तेव्हा बनाबाई उठली आणि माझ्यापाशी आली. तिला आता मी काय सांगणार होतो? तुझा माणूस चोर नव्हता, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हालाच.

तिनं मला विचारलं, "शंकररावनं माहं नाव काऊन काढलं गाण्यातून?"

मी म्हटलं, बाई, परक्या बाईचं नाव कसं घेणार, रीत नाही.

"त्या रोहिणखेडवाल्याले सांगा," ती म्हणाली, "माहं नाव घे म्हणा. मले चालते. अन् लेकीची ओळ परत घाल म्हणा. आता धाव नवी नाई राह्यली."

मी इंद्रभानच्या मागं बांधापर्यंत पळत गेलो, या वयात, पट्टा सावरत, आणि त्याच्याकडून दोन्ही ओळी पाठ करून घेतल्या. तो म्हणाला, बैल अडतील साहेब, त्यांना जुनीची सवय झाली आहे. मी म्हटलं, अडू दे. अडतील तितक्या वेळा म्हण.

शंकररावांना शिक्षा झाली, ती किती आणि कशी ते इथं सांगत नाही. जनकाबाईचं लग्न देऊळघाटला झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी सासुरवाडीला गेलो तेव्हा मुद्दाम त्याच शेताच्या कडेनं निघालो. सिंधूही संगं होती. मोट चालू होती. तूर आली, बोर आली. आम्ही बांधावर उभे राहिलो.

'बनाच्या भाकरीले करपल्याचा वास,' इंद्रभान म्हणाला, आणि बैल उतरले.

मग तो लेकीची ओळ म्हणाला. त्या ओळीला बैल धावेच्या मधोमध थांबले. सोन्या कान टवकारून उभा राहिला, वाट पाहत. इंद्रभाननं चाबूक उचलला नाही. त्यानं तीच ओळ परत म्हटली, आणखी एकदा म्हटली, आणि मग सोन्यानं पाय उचलला.